एखादीच साइट उघडत नाही, एखादंच ॲप रखडतं? नेट खरंच मोकळं आहे का ते घरबसल्या असं तपासा

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दर आठ-दहा दिवसांनी एक मेसेज येतोच, "नेट स्लो आहे का सगळ्यांचं?" आणि खाली वीस जणांचं "हो हो आमचं पण". पुढे काहीच होत नाही. कारण "स्लो आहे" एवढ्यावर कंपनीला काही करावं लागत नाही, माणूस येतो, राऊटर बंद-चालू करतो, "आता बघा मॅडम" म्हणतो आणि जातो. माझंही चार महिने असंच चाललेलं. मुलगी बारावीनंतर सुट्टीत कोडिंग शिकत होती, तिला लागणारी एक फुकट शिकवणारी साइट आमच्या वायफायवर उघडायचीच नाही, माझ्या मोबाइल डेटावर मात्र झटक्यात उघडायची, आणि त्याच वायफायवर यूट्यूब मात्र मस्त पळायचं. चार वेळा तक्रार केली, चारही वेळा राऊटरच बघितला. शेवटी पाच दिवस रोज मोजलं, तारीख वेळ टाकून मेल लिहिला, आणि तिसऱ्या दिवशी साइट उघडली. का बंद होती ते आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. पण त्या पाच दिवसांत जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, कारण हे प्रत्येकाला यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी आपला हक्क काय आहे ते माहिती हवं, नाहीतर फोनवरचा माणूस काहीही सांगतो आणि आपण ऐकून घेतो.

आठवतंय का, दहा-बारा वर्षांपूर्वी रिचार्जच्या दुकानात व्हॉट्सॲप पॅक, फेसबुक पॅक असे वेगळे मिळायचे? तेव्हा ते स्वस्त वाटायचं, पण त्याचा अर्थ असा की कुठली साइट स्वस्त आणि कुठली महाग हे कंपनी ठरवणार. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं, आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत मागे घेतलं. मग २७ मार्च २०१५ ला ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, ११८ पानांचा एक कागद काढला, अशा ॲप्सवर नियम लावायचे का म्हणून लोकांची मतं मागवली, आणि देशभरातून दहा लाखांवर ईमेल गेले! साध्या लोकांनी पाठवलेले. त्याच सुमारास फेसबुकचं इंटरनेट डॉट ऑर्ग आलेलं, ज्याचं नंतर फ्री बेसिक्स झालं, म्हणजे निवडक साइट फुकट आणि बाकीच्या जगाला पैसे. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियमच केला की आत काय बघताय त्यावरून डेटाचा दर वेगळा ठेवता येणार नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. त्याच महिन्यात फ्री बेसिक्स भारतातून गेलं.

हा झाला दराचा भाग. स्पीडचा भाग २०१८ मध्ये आला. सरकारने कंपन्यांच्या लायसन्समध्येच अट घातली की एखादा मजकूर, साइट, ॲप अडवायचं नाही, त्याचा दर्जा पाडायचा नाही, मुद्दाम हळू करायचं नाही आणि कोणाला खास वेगही द्यायचा नाही. यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात, सगळ्या साइटना सारखी वागणूक. सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश असेल, नेटवर्क सांभाळायला तात्पुरतं काही करावं लागत असेल, तर गोष्ट वेगळी. पण "आमची पॉलिसी आहे मॅडम" हे कारण त्यात बसत नाही, हे नीट लक्षात ठेवा.

आणि काय यात येत नाही तेही सांगते, नाहीतर उगाच भांडण होतं. रोजचा डेटा संपला की सगळंच हळू होतं, ते एफयूपी, ते सगळ्या साइटना सारखंच असतं, म्हणून ते भेदभाव नाही. रिचार्जबरोबर एखाद्या ओटीटीचं सबस्क्रिप्शन मिळतं, तेही चालतं. पण त्या ओटीटीवर खर्च झालेला डेटा मोजलाच नाही आणि बाकीच्यांचा मोजला, तर मात्र २०१६ चा नियम आडवा येतो. अख्ख्या जिल्ह्याचं नेट बंद करतात ते तर पूर्ण वेगळं प्रकरण, त्याचे कायदे वेगळे, त्यात आत्ता शिरत नाही.

आता तपासायला बसू. एक वही घ्या किंवा फोनमध्ये नोट उघडा. पहिला प्रश्न एकच: सगळंच हळू आहे, की एकच गोष्ट हळू आहे, की एकच गोष्ट पूर्ण बंद आहे? या तिन्हीचे रस्ते वेगळे आहेत आणि बहुतेक लोक इथेच गोंधळ करतात.

सगळंच हळू असेल तर तो भेदभावाचा विषय नाही, साधी सेवा खराब आहे. तरी मोजा. शक्य असेल तर लॅपटॉपला राऊटरमधून वायर लावून मोजा, कारण दोन भिंतींपलीकडच्या वायफायवर मोजलेला आकडा कंपनी मानणार नाही आणि त्यात त्यांचं चुकतही नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री नऊच्या सुमाराला एकदा, असं तीन-चार दिवस. मोबाइल डेटासाठी ट्रायचं स्वतःचं मायस्पीड नावाचं ॲप आहे, ते वापरा, ट्रायच्याच ॲपचा आकडा असला की समोरचा लगेच उडवून लावत नाही. सध्याच्या व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएसच्या खाली असेल त्याला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही, आधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती, २०२३ च्या सुरुवातीला वाढवली.

आता एकच गोष्ट हळू असेल तर. इथे खरी मेहनत आहे म्हणून जरा सावकाश सांगते.

सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे दोन स्पीड टेस्ट लागोपाठ घ्या, एक नेहमीची स्पीडटेस्ट आणि दुसरी फास्ट डॉट कॉम. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सची आहे आणि ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते. तर एकीकडे ९० एमबीपीएस येतंय आणि दुसरीकडे सारखं ८-१० येतंय, आणि रोज असंच येतंय, तर व्हिडिओच्या वाटेत काहीतरी आहे. एकदाच आलं तर सोडून द्या, पाच वेळा आलं तर लिहून ठेवा.

याहून पक्की चाचणी म्हणजे वेही नावाचं ॲप, स्टोअरमध्ये डब्ल्यू, ई, एच, ई असं टाकून शोधा. अमेरिकेत बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी केलंय, फ्रान्सची टेलिकॉम नियामक संस्थासुद्धा ते लोकांना वापरायला सांगते. त्याची युक्ती मला फार आवडली. ते यूट्यूब, नेटफ्लिक्स अशा ॲपचा आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅफिक तुमच्या लाइनवरून एकदा जसाच्या तसा पाठवतं, आणि मग तेवढाच डेटा ओळखू येणार नाही असा करून परत पाठवतं. लाइन तीच, वेळ तीच, डेटा तेवढाच. ओळख पटलेला हळू आला आणि ओळख लपवलेला जोरात आला, आणि परत परत असंच आलं, तर कोणीतरी ओळखून हळू करत असण्याची दाट शक्यता आहे. टेस्ट करताना व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून लपवून नेणारं ॲप) असेल तर बंद ठेवा, बाकीचे डाउनलोड थांबवा, आणि मोबाइल डेटावर करत असाल तर डेटा जातो हे धरून चला. हे निवडक ॲपचीच तपासणी करतं, तुमच्या मनातली कुठलीही साइट त्यात टाकता येत नाही.

पण एक सांगते, लगेच आरोप करू नका. यूट्यूब पळतं आणि एखादी छोटी साइट रखडते याचं सगळ्यात नेहमीचं कारण कपट नसतं. गूगल, नेटफ्लिक्स हे मोठे लोक आपल्या व्हिडिओच्या कॉपी कंपनीच्या नेटवर्कमध्येच मशिन लावून ठेवतात, म्हणजे तुमचा व्हिडिओ मुंबई-पुण्यातूनच येतो. छोटी साइट मात्र कुठे जर्मनीत, अमेरिकेत बसलेली असते, तिथून समुद्राखालच्या केबलने मुंबईत उतरून मग आपल्या गावात यायचं, आणि आपल्या केबलवाल्याने बाहेरच्या जगाशी जोडलेली लाइन बारीक घेतलेली असेल तर रात्री नऊला तिथे गर्दी होणारच. कधी केबलच तुटते, सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ तुटल्या तेव्हा आपल्याकडेही परिणाम झालेला. हे नियमभंगात बसत नाही. तरी सांगायचंच की बाबा बाहेरची लाइन वाढव, आम्ही पैसे मोजतो ते फक्त यूट्यूबचे नाही मोजत. मला वैयक्तिक वाटतं की छोट्या साइटवर हा अन्यायच आहे, पण तक्रारीत तो शब्द वापरू नका, तिथे फक्त आकडे.

ओळखायचं कसं? गर्दी असेल तर पहाटे सहाला सगळं ठीक चालतं. मुद्दाम केलेलं असेल तर पहाटेही तेवढंच हळू असतं. म्हणून सांगते, एक दिवस लवकर उठून मोजाच.

तिसरा प्रकार, एकच गोष्ट पूर्ण बंद. हे माझ्या मुलीच्या साइटचं झालेलं. क्रम असा ठेवा. तीच साइट मोबाइल डेटावर उघडते का बघा, शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या वायफायवर उघडते का बघा. कुठेच उघडत नसेल तर साइटच पडलेली असू शकते, एक दिवस थांबा. फक्त आपल्याकडेच बंद असेल तर डीएनएस बदलून बघा. डीएनएस म्हणजे नेटची फोन डिरेक्टरी, नाव दिलं की नंबर देते, आणि काही कंपन्या त्या डिरेक्टरीतच नाव खोडून अडवतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा आणि तिथे डीएनएस डॉट गूगल टाका, लॅपटॉपवर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकता येतं. आता उघडली? म्हणजे अडथळा कंपनीच्या डिरेक्टरीत होता, तसं वहीत लिहा. तरीही उघडत नसेल तर अडवणं पुढच्या पायरीवर आहे. आपली सुरक्षित साइट म्हणजे बंद पाकीट, आतलं कोणाला वाचता येत नाही, पण बहुतेक वेळा पाकिटावरचा पत्ता उघडाच असतो, तो वाचून पाकीट मधेच थांबवता येतं. अशा वेळी स्क्रीनवर काही कारण येत नाही, नुसतं कनेक्शन तुटल्याचं दिसतं आणि आपण राऊटरला दोष देत बसतो.

कधी कधी संदेश येतो, की दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार ही साइट ब्लॉक केली आहे. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. आयटी कायद्याच्या ६९ए कलमाखाली सरकारला ब्लॉक करता येतं आणि त्याचे आदेश गोपनीय ठेवायचा नियम २००९ पासून आहे, त्यामुळे माहिती अधिकारातही बहुतेक नकारच येतो. मला हे अजिबात पटत नाही, जे बंद केलंय ते का हे तरी कळायला हवं. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पायरसीच्या एका केसमध्ये हेच सांगितलं होतं, की ब्लॉकच्या पानावर नुसतं बंद आहे असं नको, कुठली केस, कुठला आदेश आणि हरकत असेल तर कोणाला लिहायचं हेही द्या. असं पान सगळीकडे दिसायला लागलं तर निम्मा त्रास कमी होईल.

हे सगळं एकत्र तपासणारं ॲप म्हणजे ओनी प्रोब, ओ, ओ, एन, आय अशा स्पेलिंगने शोधा. २०१२ पासून चाललेला प्रकल्प आहे, फुकट आहे. त्यात वेबसाइटची टेस्ट आहे, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल चालतात का ती टेस्ट आहे, आणि तुम्हाला हवी ती साइटही त्यात टाकता येते. अडवलं असेल तर डिरेक्टरीत अडवलंय की पुढे, तेही सांगतं. पण लावायच्या आधी एक गोष्ट नीट वाचा: त्याचे निकाल सगळ्या जगाला दिसतील असे छापले जातात, कुठल्या कंपनीच्या नेटवर्कवरून टेस्ट झाली हे त्यात असतं. आणि तयार यादीत सगळ्या प्रकारच्या साइट असतात, वादग्रस्तसुद्धा. म्हणून ऑफिसच्या नेटवर लावू नका, घरी आपली एकच साइट टाकून टेस्ट केली तरी पुरे. मी तेच केलं.

एकाच कंपनीवर बंद आणि दुसरीवर चालू असं का होतं? बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी सहा कंपन्या तपासून २०२० च्या सुमारास दाखवलं की सगळ्या कंपन्या सारख्याच साइट अडवत नाहीत, आणि अडवायची पद्धतही प्रत्येकाची वेगळी. आदेश सरकारचा असता तर सगळीकडे सारखाच दिसायला हवा ना. म्हणून शेजाऱ्याच्या वायफायवरची टेस्ट एवढी महत्त्वाची, तक्रारीतला सगळ्यात जोरदार पुरावा तोच.

मध्येच एक, कारण आमच्या रत्नागिरीकडे घराघरातलं कोणी ना कोणी आखातात आहे. माझा भाऊ शारजात आहे आणि व्हॉट्सॲप कॉल लागत नाही म्हणून आईने इथल्या केबलवाल्याला तीनदा फोन केलेला. त्याचा काही दोष नाही. यूएईमध्ये व्हॉट्सॲपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल तिकडेच अडवलेले असतात, मेसेज जातात, कॉल नाही, तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. व्हीपीएन लावून कॉल कर असं भावाला सांगू नका, तिथला कायदा त्यात फार कडक आहे. तर टेस्ट करताना अडथळा आपल्या टोकाला आहे की पलीकडच्या, हे पण बघा.

आता तक्रार. आधी बिल काढून बघा की लायसन्स कोणाचं आहे. गल्लीतला केबलवाला बहुतेक वेळा मोठ्या कंपनीची फ्रँचायझी असतो, तक्रार त्या कंपनीकडे करायची. मोबाइल असेल तर १९८ ला फोन, ब्रॉडबँड असेल तर कंपनीच्या तक्रार केंद्राला. फोन ठेवायच्या आधी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्याच, देत नसतील तर मागा, नंबर नसेल तर ती तक्रार झालीच नाही असं समजा. फोनबरोबर ईमेलही टाका. मी लिहिला तो साधारण असा होता, हवा तर उचला:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक. अमुक साइट १२ ते १६ तारखेपर्यंत तुमच्या लाइनवर एकदाही उघडली नाही. रोज सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री ९ ला तपासलं, वायर जोडून, दोन वेगळ्या डिव्हाइसवर. त्याच वेळी दुसऱ्या दोन कंपन्यांच्या नेटवर उघडली. डीएनएस बदलल्यावर तुमच्या लाइनवरही उघडली. स्क्रीनशॉट जोडले आहेत. ही साइट ब्लॉक करण्याचा सरकारी किंवा कोर्टाचा आदेश तुमच्याकडे आहे का, ते लेखी कळवा. नसेल तर लायसन्समधल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या अटीप्रमाणे ती ताबडतोब सुरू करा."

बस एवढंच. राग नाही, कॅपिटल नाही, "ग्राहक मंचात खेचीन" नाही. त्या "आदेश आहे का, लेखी कळवा" या वाक्याने काम होतं, कारण आता कोणालातरी सही करून उत्तर द्यावं लागतं.

समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करायचं, पैसे लागत नाहीत, त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. पत्ता कंपनीच्या साइटवर असतो, बराच खाली. छोट्या ऑपरेटरकडे असं काही सापडलं नाही तर केंद्र सरकारच्या पीजी पोर्टल या तक्रारींच्या साइटवर दूरसंचार विभाग निवडून तक्रार टाका, तिथे आधीचा डॉकेट नंबर विचारतात. बरेच लोक थेट ट्रायला लिहितात आणि उत्तर नाही म्हणून चिडतात, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ते नियम करणारे आहेत. आणि ग्राहक आयोगात जायचा रस्ताही आहे, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टेलिकॉम कंपनीविरुद्धही तिथे जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

लिहून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी व्हीएलसीचं सांगते. तोच केशरी शंकूवाला व्हिडिओ प्लेअर. त्यांची साइट २०२२ मध्ये भारतात कितीतरी महिने बंद होती, कारण कोणी सांगेना, मग त्यांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. ही संस्था २०१५ च्या त्याच ईमेलवाल्या चळवळीतून उभी राहिलेली आहे, साइट बंद असल्याचा पुरावा असेल तर त्यांनाही कळवा.

आणि ट्राय पुन्हा मतं मागवेल तेव्हा पाठवा. त्यांच्या साइटवर कन्सल्टेशन पेपर, म्हणजे मतं मागवणारे कागद, असतात, शेवटची तारीख दिलेली असते. कागदात विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं द्या, स्वतःच्या शब्दांत, दोन प्रश्नांची दिली तरी चालतील. फ्री बेसिक्सच्या वेळी एका साच्यातले लाखो मेल गेले होते आणि ट्रायने सांगितलं की यात आम्ही विचारलेल्याचं उत्तरच नाही. मेल मात्र वेगळ्या आयडीवरून करा, कारण एप्रिल २०१५ मध्ये ट्रायने ते दहा लाख मेल पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट साइटवर टाकले होते.